जुनी खुर्ची घरी नवी करताना: आधी सांधे, मग पॉलिश, कापड सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सेकंडहँड घेतलेली लाकडी खुर्ची, दोन्ही बाजूंना हात, उचलून काढता येणारी गादीची बैठक. मागे रेललं की करकरते, हातांवरचं पॉलिश काळं पडून चिकट झालंय, बैठक मधोमध खचली आहे. पॉलिश पेपरने सगळं घासून नवं पॉलिश मारलं आणि जुन्या कापडावरूनच नवं कापड ताणून बसवलं, तर चालेल का?

नाही चालणार. घासायची कदाचित गरजच पडणार नाही, आणि जुन्या कापडावर नवं चढवलंत तर आहेत ते सांधेही उकलतील. कसे, ते बैठकीकडे वळल्यावर सांगतो. कापड कुठलं घ्यायचं हा विचार सध्या बाजूला ठेवा. करकर तुम्ही ओझरती सांगितली आहे, पण खरं काम तिथेच आहे.

त्याआधी, खुर्ची घरात घेतली नसेल तर बाहेरच उलटी करून नीट बघा. बैठकीच्या शिवणींत, पट्ट्यांच्या घडीत, स्क्रूच्या भोकांत काळे बारीक ठिपके दिसले तर ते ढेकणांचे असतात. तसं असेल तर गादी, कापड, काथ्या सगळं पिशवीत बांधून टाकून द्या आणि सांगाड्याच्या फटींवर उपचार झाल्याशिवाय खुर्ची आत आणू नका; नुसतं उन्हात ठेवून ढेकूण मरतील या भरवशावर राहू नका. दुसरी तपासणी लाकूड पोखरणाऱ्या किडीची. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं जुनीही असू शकतात. खुर्ची काळ्या कागदावर ठेवा, ठोकून जुना भुसा झाडा आणि काही दिवसांनी कागद बघा. पिठासारखी ताजी पूड पडली असेल तर कीड जिवंत आहे. आधी कीडनाशक, मग बाकीचं.

आता बैठक काढा. बहुतेक खुर्च्यांत ती खालून कोपऱ्यांतल्या स्क्रूंवर असते, काहींत नुसती खाचेत टेकवलेली. बैठक निघाली की सांगाडा उघडा पडतो. एक हात मागच्या पायावर, दुसरा बाजूच्या आडपट्टीवर, म्हणजे बैठकीखाली दोन पायांना जोडणाऱ्या फळीवर, ठेवून हलकं पिळून बघा. दहापैकी नऊ खुर्च्यांत ढिला निघतो तो याच जागचा सांधा. कारण सरळ आहे: आपण मागे रेलतो तेव्हा पाठ लांब दांड्यासारखी काम करते आणि सगळा जोर मागचा पाय व बाजूची आडपट्टी जिथे मिळतात तिथे येतो. त्यातच लाकूड हवेतल्या दमटपणाने आडवं फुगतं आणि आक्रसतं, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. कुसू, म्हणजे पायाच्या भोकात शिरणारं आडपट्टीचं तासलेलं टोक, एका दिशेने हलतं, भोकाची भिंत दुसऱ्या दिशेने, आणि मधला गोंद वर्षानुवर्षं हे सोसून शेवटी तडकतो.

ढिल्या सांध्याच्या फटीत वरून गोंद सोडणं हा सर्रास केला जाणारा आणि जवळजवळ निरुपयोगी उपाय. गोंद लाकडाला धरतो, वाळलेल्या जुन्या गोंदाला धरत नाही. अपवाद एकच, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला प्राणिज सरस: नवा गरम सरस जुन्या सरसात विरघळून मिसळतो, म्हणून जुने कारागीर त्याला सोडत नाहीत. सांध्यात खिळा किंवा स्क्रू ठोकणं तर त्याहून वाईट. हलणारा सांधा खिळ्याभोवती हलतच राहतो आणि एक दिवस पायच उभा चिरतो. तुमच्या खुर्चीत आधीच्या कुणी असे खिळे ठोकलेत का, ते सांधा उघडण्याआधी शोधा. पुटीने बुजवलेला गोल ठिपका दिसला की संशय घ्या. खिळा आत असताना पट्टी ठोकून काढायला गेलात तर कुसू तुटून हातात येईल.

जे सांधे ढिले आहेत तेवढेच उघडा. घट्ट सांध्याला हात लावू नका. प्रत्येक भागावर कागदी चिकटपट्टी लावून डावा-उजवा, पुढचा-मागचा लिहा. तुकडे दिसायला सारखे असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लाकडी हातोडा आणि मधे फळीचा तुकडा धरून हलके ठोके द्या. अडला तर घाई नको. सरसाचा जुना सांधा असेल तर फटीत कोमट पाणी किंवा व्हिनेगर थेंबथेंब सोडा, थोडा वेळ थांबा, पुन्हा ठोका. सरस पाण्याने आणि उष्णतेने मऊ पडतो. पांढऱ्या गोंदाचा सांधा असेल तर हेअर ड्रायरची ऊब आणि कोमट व्हिनेगर दोन्ही लागतात, वेळही जास्त जातो.

उघडलेल्या कुसवावरचा जुना गोंद पटाशीच्या धारेने खरवडून काढा, पॉलिश पेपरने नको. पेपरने कुसू बारीक होतं, कडा गोल होतात, आणि मग ते भोकात खुळखुळतं. भोकातला गोंदही अरुंद पटाशीने तसाच खरवडायचा. गोंदाशिवाय सगळं जोडून बघा. कुसू हाताच्या दाबाने आत जावं, पण खुर्ची उचलल्यावर आपोआप गळून पडू नये. सैल असेल तर रंध्याने काढलेली पातळ साल किंवा व्हिनिअरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) तुकडा कुसवाच्या गालावर, म्हणजे सपाट बाजूवर, चिकटवा, वाळल्यावर मापात तासा. गोंद जाडसर भरून पोकळी भरता येते असं मानू नका. साध्या पांढऱ्या गोंदाची ताकद पातळ थरात असते, जाड थरात नाही. लाकूड सागासारखं तेलकट असेल तर गोंद लावण्याआधी जोडाच्या जागा स्पिरिटने पुसून घ्या.

गोंद दोन्ही अंगांना लावा, जोडा, शिकंजे (क्लॅम्प) आवळा. शिकंजे नसतील तर मजबूत दोरी खुर्चीभोवती दोन वेढे घालून बांधा आणि मधे काठी घालून पीळ द्या. पीळ बसला की काठी आडपट्टीला अडकवून ठेवा. गोल-चौकोनी कुठल्याही सांगाड्याला हा शिकंजा बसतो. आता बहुतेक जण विसरतात ते: सपाट जमिनीवर खुर्ची उभी करून चारही पाय टेकतात का बघा, आणि बैठकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. समोर रुंद आणि मागे अरुंद अशा बैठकीतही डाव्या-उजव्या बाजू सारख्या असतील तर कर्ण सारखेच यायला हवेत. फरक असला तर लांब कर्णाच्या दिशेने दाबून सरळ करा. हे गोंद ओला आहे तोवरच करता येतं; एकदा वाळला की डुगडुगणारी खुर्ची कायमची तुमची. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर त्या जागी पॉलिश धरणार नाही आणि फिकट डाग उठून दिसेल. एक दिवस हात लावू नका.

कोपऱ्यांत आतून तिकोनी ठोकळे असतात. ते सैल झाले असतील तर खरवडून पुन्हा गोंद आणि स्क्रूने बसवा. नसतील तर नवे करून लावा. लोखंडी कोनपट्ट्यांपेक्षा हे चांगले, कारण ते लाकडाच्या मोठ्या पृष्ठभागाला धरतात.

आता पॉलिश. काळेपणा हा बहुतेक वेळा लाकडाचा किंवा पॉलिशचा नसतोच. मेण, हातांचं तेल आणि धूळ यांचा तो थर असतो. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने खुर्चीचा एक हात पुसून बघा. फडकं तपकिरी होतं आणि खालून लाकडाचा रंग वर येतो, तेव्हा अनेकांचा घासायचा बेत तिथेच संपतो. मग साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. हातांच्या टोकांशी मात्र घामाने आणि तेलाने पॉलिश खरोखरच मऊ झालेलं असू शकतं. नख लावलं की खूण उमटते. तेवढ्या जागेचं पॉलिश काढावं लागेल.

कुठलं पॉलिश आहे हे कळायला आडपट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा. अर्ध्या मिनिटात चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं जुनं फ्रेंच पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण लॅकर थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर मेलामाइन, पॉलियुरेथेन किंवा तेलाचं व्हार्निश. या बोळ्यावर पुढचं अर्धं काम ठरतं. लाखेचं पॉलिश निघालं तर तुमचं नशीब चांगलं: बारीक तडे, निस्तेज डाग, ओरखडे हे सगळं स्पिरिटने ओलसर केलेल्या बोळ्याने तिथल्या तिथे विरघळून पुन्हा सपाट करता येतं, वरून नवा हात, म्हणजे नवा थर, देता येतो. नवी लाख जुन्या लाखेत मिसळून जाते. हे काढून फेकणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, आणि खुर्ची खरोखर जुनी असेल तर तिची किंमतही त्यातच गेलेली असते.

पॉलिश काढणं अटळच असेल तर आधी पॉलिश रिमूव्हर, मग पेपर. जेलसारखा रिमूव्हर जाड थरात लावा, वर प्लॅस्टिकचा कागद पसरा, म्हणजे तो वाळत नाही आणि काम तोच करतो. प्लॅस्टिकच्या पट्टीने लाकडाच्या रेषेच्या दिशेने खरवडा. कोरीव भागातून जाड सुतळीचा तुकडा पुढेमागे ओढला की खाचा साफ होतात. हे उघड्यावर, रबरी हातमोजे घालून करा. खुर्चीवर जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका. घरात लहान मूल असेल तर हे काम घरात नकोच. पाठीवर किंवा आडपट्टीवर व्हिनिअर आहे का हेही बघून घ्या. कडेला वेगळ्या लाकडाची बारीक रेघ दिसते. आजच्या व्हिनिअरची जाडी मिलिमीटरभरही नसते, घासायचं मशीन दोनदा फिरवलं की खालचं लाकूड वर. खुर्चीला मी मशीन लावतच नाही. खुर्चीत सपाट जागा थोड्या आणि कडा फार, आणि मशीन पहिल्यांदा खातं ते कडांना.

रिमूव्हरनंतर हाताने 150 नंबरचा पेपर, मग 220, नेहमी रेषेच्या दिशेने. आडवा ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही, लाकडात मुरणारा रंग (स्टेन) लावल्यावर ठसठशीत उठतो. 220 च्या पुढे जाऊन लाकूड काचेसारखं गुळगुळीत केलंत तर ते रंग पीत नाही. शेवटी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. तंतू उभे राहतात, ते हलकेच 220 ने उतरवा. रंग लावायचा असेल तर आधी आडपट्टीच्या आतल्या बाजूला लावून, वर पॉलिशचा हात देऊन बघा. पाइनसारखं मऊ लाकूड रंग डागाळल्यासारखा पितं. त्यावर आधी पातळ लाखेचा एक हात दिला की रंग एकसारखा बसतो.

कुठलं पॉलिश द्यायचं, यावर माझं मत ठाम आहे. पाठ आणि पाय यांना लाख, हातांना वेगळं काहीतरी. लाखेची झळाळी दुसऱ्या कशाला येत नाही, पण घाम, साबण, गरम कप आणि मद्य तिला सोसत नाही. हातांवर पुसून लावायचं पॉलियुरेथेन किंवा तेल-व्हार्निशचं मिश्रण द्या, तीन-चार पातळ हात, मधे 320 ने हलकं घासून. मात्र खालून जुनी लाख निघाली असेल तर पॉलियुरेथेन थेट तिच्यावर देऊ नका. मेणविरहित लाख असल्याची खात्री नसेल तर तो थर सोलून निघू शकतो; हातांवरचा थर पूर्ण काढूनच द्या.

लाख घरी करायची तर एक लिटर स्पिरिटला 120 ते 180 ग्रॅम चपडा, रात्रभर झाकून, मग कापडातून गाळून. लागेल तेवढीच करा. शिळी लाख वाळत नाही, चिकट राहते. जुन्या बाटलीतली असेल तर काचेवर एक थेंब टाकून बघा, कडक वाळला नाही तर फेका. लावायला कापसाचा गोळा धुतलेल्या सुती कापडात बांधून पोतेरी करा. ती ओली नको, ओलसर हवी. स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवली तर गार लागावी, ओघळू नये. विमान उतरतं तशी चालत्या हाताने लाकडावर टेकवायची आणि तशीच चालत्या हाताने उचलायची. मधे थांबलात की तिथे पोतेरी चिकटते आणि खालचा थर उचलला जातो. दमट हवेत लाख लावू नका, पांढरट धुकं धरते. तेल वापरलंत, विशेषतः जवसाचं, तर त्याची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

बैठकीकडे वळू. जुनं कापड काढताना फाडू नका, तोच तुमचा नमुना. आधी खालचं धूळ अडवणारं कापड, मग वरचं. जे शेवटी लावलं ते आधी निघतं. प्रत्येक थराचा फोटो काढा. जुने खिळे उपटताना पटाशी लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारा, आडवी मारली तर चौकटीची कड चिरते. मास्क लावा, आत वर्षांची धूळ असते. बऱ्याचदा एकाखाली एक दोन-तीन कापडं निघतात. सगळी काढायची. सांधे उकलण्याचा जो धोका सुरुवातीला सांगितला तो इथे आहे: बैठकीची चौकट खाचेत बसते तेव्हा प्रत्येक बाजूला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जागा असते. जुन्या कापडावर नवं जाड कापड चढवून बैठक दाबून बसवली की ती पाचरीसारखी काम करते आणि आडपट्ट्या पायांपासून ढकलत राहते. तुमच्या खुर्चीचे सांधे असेच ढिले झाले असणं अगदी शक्य आहे. बैठक खाचेत ठेवून चारही बाजूंना नव्या कापडाची दुहेरी घडी सरकते का बघा. सरकत नसेल तर बैठकीची चौकट रंध्याने थोडी उतरवा, खुर्चीची नाही.

खचलेपण येतं गादी तोलणाऱ्या खालच्या पट्ट्यांमुळे, फोम बदलून ते जात नाही. तागाची पट्टी असेल तर टोक घडी करून खिळे मारा, दुसऱ्या बाजूने ताणून आवळा. उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींतून खालीवर विणायच्या, मधलं अंतर पट्टीच्या रुंदीपेक्षा कमी. बोटाने वाजवली तर ढोलकीसारखी वाजायला हवी. लवचिक पट्टीला एवढा ताण नको, मूळ लांबीच्या दहाएक टक्के पुरे. प्लायवूड ठोकून मोकळं होण्याचा मोह होतो; चालतं, पण तासाभरात बसणाऱ्याला कळतं.

फोम घेताना दोन गोष्टी विचारा, घनता आणि कडकपणा. या वेगवेगळ्या आहेत. घनता टिकाऊपणा सांगते. बैठकीला घनमीटरला 32 किलोच्या खाली जाऊ नका, 40 असेल तर उत्तम. कडकपणा बसताना कसं वाटेल ते सांगतो. पट्ट्यांवर पाच सेंटिमीटरचा मध्यम कडक फोम जेवणाच्या खुर्चीला पुरतो. जाड फोम म्हणजे जास्त आराम, हा समज खुर्चीची मापं बिघडवतो. बैठक साधारण 43 ते 46 सेंटिमीटर उंच असते. तीन-चार सेंटिमीटर वाढली की पाय लोंबकळतात, हात कोपराला पुरत नाहीत आणि गुडघे टेबलाला लागतात. फोम चौकटीपेक्षा थोडासा मोठा कापा, वरून पॉलिस्टरच्या कापसाची पातळ लादी घाला. ती कडा गोल करते आणि फोमवर कापड घासू देत नाही.

कापडाचा प्रश्न आता. घासणीच्या चाचणीत, ज्याला मार्टिंडेल म्हणतात, रोजच्या वापराच्या खुर्चीसाठी 20,000 च्या वर आकडा असलेलं घ्या. पडद्याचं कापड ताणलं की शिवणीशी विरतं. पहिल्यांदा करत असाल तर पट्टे आणि चौकडे टाळा. धागा थोडा तिरका गेला तरी ते चुगली करतात. साधं, जरा पोताचं, मध्यम जाड कापड बरंच झाकून घेतं. मखमल असेल तर लव मागून पुढे झुकलेली हवी.

कापड चारही बाजूंना सात-आठ सेंटिमीटर जास्त ठेवून कापा. कापडाच्या आणि चौकटीच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर खूण करा, खुणेवर खूण ठेवा. बैठक उलटी करून आधी पुढच्या मध्यावर (स्टेपल गनची) एक पिन, मग मागच्या मध्यावर ताणून एक, मग डावी, उजवी. उलटवून बघा, धागा सरळ आहे ना. मग प्रत्येक बाजूला मध्यापासून कोपऱ्याकडे, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून. कोपऱ्यापासून पाच सेंटिमीटर अलीकडे थांबा. एका बाजूने सुरुवात करून सलग पुढे गेलात तर सगळा ढिलेपणा शेवटच्या कोपऱ्यात साठतो आणि तिथे पिशवी होते. पिना अर्ध्या आत मारा, म्हणजे काढता येतील. समाधान झालं की पूर्ण ठोका. कडक लाकडाला सहा-आठ मिलिमीटरच्या पिना पुरतात.

कोपऱ्याला आधी कापडाचं टोक चौकटीवर कर्णरेषेत ओढून एक पिन मारा, मग दोन्ही बाजूंची चुणी घडी करून मधोमध आणा. आत दबलेलं जादा कापड कापून टाका, नाहीतर कोपरा गाठीसारखा जाड होतो आणि खाचेत बसताना पुन्हा तीच पाचर. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांच्या चुण्या एकाच दिशेला, किंवा दोन्ही मध्याकडे वळवा; उलटसुलट झाल्या तर पहिल्याच नजरेत खुपतात.

हे सगळं बैठक निघते अशा खुर्चीबद्दल. पाठीलाही गादी असेल तर तिथलं गणित थोडं वेगळं. पायाच्या किंवा दांड्याच्या भोवती कापड जाताना त्यात इंग्रजी वाय अक्षरासारखा काप द्यावा लागतो आणि तो लाकडापासून एक सेंटिमीटर अलीकडे थांबवायचा. एकदा जास्त कापलेलं कापड परत येत नाही. पाठीच्या कडेला गोल डोक्याचे शोभेचे पितळी खिळे लावायचे असतील तर आधी पट्टीने अंतर आखून घ्या आणि प्लॅस्टिकच्या तोंडाच्या हातोडीने मारा. बैठक वेताची असेल आणि चौकटीत भोकं असतील, तर मात्र फोम-कापडाचा विचार सोडा. ती विणूनच घ्यायची खुर्ची आहे.

खाली काळं पातळ कापड लावून बैठक बंद करा. पॉलिश वरून वाळलं तरी आतून कडक व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून पॉलिशनंतर लगेच बैठक आवळून स्क्रू करू नका. कापड लाकडाला चिकटतं आणि त्याच्या धाग्यांची जाळी पॉलिशवर उमटते. स्क्रू आधी हातानेच फिरवून बसवा, चारही अर्धे, मग कोपरा ते समोरचा कोपरा असे आवळा. यानंतरही खुर्ची करकरली तर ती बहुतेक सांध्याची नसेल. कोपऱ्यातल्या ठोकळ्यावर बैठक घासत असेल. मधे फेल्टचा किंवा चामड्याचा पातळ तुकडा घाला.